म्युझियमचं शिक्षण : सिलॅबस बदलायचा तर आधी काय बघायचं?

कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये बडोद्याची सगळीच मुलं एकदा तरी जातात, ममी बघतात, देवमाशाचा सांगाडा बघतात. पण अशा वस्तू सांभाळायच्या कशा हे शिकवणारा भारतातला पहिला विभाग याच शहरात, सयाजीराव विद्यापीठात १९५२ साली सुरू झाला, हे खूप जणांना माहीतच नसतं! विद्यापीठालाच तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती, हंसाबेन मेहता कुलगुरू होत्या, आणि म्युझिऑलॉजी, म्हणजे म्युझियमचं शास्त्र, हा विषय आपल्याकडे पार नवा होता.

गंमत म्हणजे तो आज परत नवा झालाय. २०२२ मध्ये प्रागला आयकॉम या जागतिक संघटनेनं म्युझियमची व्याख्याच बदलली, त्यात सर्वसमावेशकता आली, टिकाऊपणा आला, लोकांचा सहभाग आला. शिवाय डिजिटायझेशन आहे, थ्रीडी स्कॅनिंग आहे.

मग कुठल्याही नव्या विषयाच्या पीजीला होतं तेच होतं, बोर्ड ऑफ स्टडीज, म्हणजे सिलॅबस ठरवणारी समिती, बसतं, एक पेपर वाढतो, जुना काढायला कोणी धजत नाही आणि मुलांकडे सेमिस्टर तेवढंच. म्हणून मला मनापासून वाटतं की आधी तपासा, मग बदला. पास होऊन दोन-तीन वर्षं नोकरी केलेल्यांना विचारा की कामावर गेल्यावर काय नव्यानं शिकावं लागलं, छोट्या गावातल्या म्युझियमवाल्यांनाही विचारा. आणि शेवटच्या वर्षाच्या मुलाच्या हातात ओल लागलेली पोथी देऊन म्हणा, याचा कंडिशन रिपोर्ट लिही, म्हणजे वस्तू कुठल्या अवस्थेत आहे ते नोंदव. लेखी परीक्षेत जे दिसत नाही ते इथे लगेच दिसतं.

कारण हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीचा धोका वाढतो हे पाठ असतं, पण संध्याकाळी एसी बंद, सकाळी चालू, असं रोज केलं की लाकूड फुगतं-आकसतं, चित्राचा रंग तडकतो, हे वस्तू ठेवायच्या स्टोअरमध्ये उभं राहून आर्द्रता मोजणाऱ्या हायग्रोमीटरचे आकडे रोज लिहिल्याशिवाय अंगात मुरत नाही.

आता यूजीसीच्या २०२४ च्या आराखड्यात चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एका वर्षाचं पीजीही आहे, म्हणजे वेळ अजूनच कमी. तिथे प्रॅक्टिकलला कात्री लागू नये, त्यापेक्षा थिअरीचे दोन पेपर एकत्र करा, आणि इंटर्नशिप उन्हाळ्याच्या सुट्टीत ठेवण्याऐवजी जुलै-ऑगस्टमध्ये आणा, जेव्हा स्टोअरमध्ये खरी ओल असते.