शेजारी म्हणेल ते खरं

[अर्धं ओढलेलं शटर. अरुंद जिना. एसीची घरघर.]

रात्रीचे पावणेदोन. खाली केबलचं दुकान, वर सर्व्हर रूम. म्हणायला सर्व्हर रूम. एक रॅक, एक एसी आणि 'चपला बाहेर काढा' ही पाटी. या तालुक्याच्या गावाचं इंटरनेट आजवर एकाच कंपनीच्या लाइनवर चालत होतं. आज दुसरी जोडायची आहे.

[क्लोज-अप: पिवळी पॅचकॉर्ड]

टोपण काढायचं, टोक पुसायचं, खटका वाजेपर्यंत आत दाबायचं. हाताचं काम एवढंच.

पुढचं सगळं या काळ्या पडद्यावर. बीजीपी, बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल: कुठले इंटरनेट-पत्ते कुठल्या वाटेने गाठायचे, हे नेटवर्कं एकमेकांना या भाषेत सांगतात. आधी आपला एएस नंबर, म्हणजे जगात आपल्या नेटवर्कची ओळख. तो आम्ही पुसट केलाय. मग शेजाऱ्याचा, म्हणजे पलीकडच्या कंपनीच्या राउटरचा पत्ता, त्याचा नंबर, पासवर्ड. शेजारी हा आमचा शब्द नाही, कमांडच 'नेबर' अशी आहे. १९८९ साली कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावर, कागदी नॅपकिनवर हे मांडलं, तेव्हा नेटवर्कं थोडी आणि चालवणारे ओळखीचे. शेजारी म्हणाला, 'हे पत्ते माझ्याकडे', की लिहून घ्यायचं. शहानिशेची सोय मूळ प्रोटोकॉलमध्ये नव्हतीच.

२४ फेब्रुवारी २००८. पाकिस्तान टेलिकॉमला यूट्यूब फक्त आपल्या देशात बंद करायचं होतं. यूट्यूबने १०२४ पत्त्यांचा मार्ग जाहीर केलेला. यांनी त्यातल्याच २५६ पत्त्यांचा केला. छोटा, नेमका तुकडा दिसला की राउटर तोच धरतो. हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूने तो न गाळता पुढे सरकवला. दोनेक तास जगाच्या मोठ्या भागात यूट्यूबचा घोळ.

[बोटं, कीबोर्ड]

म्हणून राउटर लावणाऱ्या दादांची बोटं इथे सावकाश चालतात. प्रिफिक्स-लिस्ट. आपले पत्ते तेवढे बाहेर, बाकी सगळं डिनाय. हे राहिलं, तर एका कंपनीकडून आलेले अख्ख्या जगाचे मार्ग दुसरीला आपल्यामार्फत सांगितले जातील. तिनेही गाळले नाहीत, तर कुणाकुणाचा ट्रॅफिक हा जिना चढून वर येईल. दोन-चार ओळींचं काम आहे. 'नंतर बघू' म्हणून ते सोडलेले राउटर आम्ही पाहिलेत, आणि ते सगळेच छोट्यांचे नव्हते. आरपीकेआयची नोंद, म्हणजे हे पत्ते आपण जाहीर करू शकतो असा डिजिटल सहीचा दाखला, दुपारीच झाली.

एंटर.

पडद्यावर 'ॲक्टिव्ह'. नवख्याला वाटतं, लागलं! तर ॲक्टिव्ह म्हणजे राउटर अजून हाका मारतोय, ओ मिळालेली नाही. दहा मिनिटं हेच. शेवटी फोन.

"सर, पासवर्ड एकदा वाचता का? एस कॅपिटल की स्मॉल?"

स्मॉल होता.

['ॲक्टिव्ह' जातो, त्या जागी आकडा धावू लागतो]

हे जगाचे मार्ग. आकडा नऊ लाखांच्या पुढे जाईल, चहा येईपर्यंत.

दादा आकड्याकडे बघतच नाहीत. त्यांनी दुसरी खिडकी उघडलीय: आपण बाहेर काय सांगतोय?

एक ओळ. ते पुन्हा एकदा कमांड मारून बघतात. एकच.

सहाला पहिली लाइन मुद्दाम उपसून पाहिली. दुकानाचा फोन वाजला नाही.