बसऱ्याला गेलेले पणजोबा कुठे शोधायचे?

मंडळी, कोकणात आणि साताऱ्याकडे अशी कितीतरी घरं आहेत, जिथे पहिल्या महायुद्धाची आठवण एका वाक्यात उरली आहे : "आमचे पणजोबा बसऱ्याला गेले, ते परत आलेच नाहीत." बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर. बाकी वर्ष माहीत नाही, पलटण माहीत नाही. आता पणतवंडं विचारतात, त्यांना पुरलं कुठे? आपले बहुतेक शिपाई हिंदू. जमलं तिथे त्यांना अग्नी दिला गेला आणि बाकीचे जिथे पडले तिथेच राहिले. तेव्हा थडगं शोधायला निघालात तर हाती बहुधा काही लागायचं नाही. त्यांच्या नावाची नोंद शोधा. ती मात्र सापडू शकते.

सुरुवात घरातल्या ट्रंकेपासून करा. पदक असेल तर राजाचा मुखवटा सोडा आणि पदक उभं धरून त्याची कड बघा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंग घ्या, तिरपा उजेड पाडा. शिपायाचा नंबर मिळाला की निम्मं काम झालं, कारण एका पलटणीत एकाच नावाचे अनेक जण असत. मृताच्या वारसाला बशीएवढा काशाचा एक गोल फलकही देत. त्यावर नुसतं नाव, हुद्दा नाही. कित्येक घरांतून तो मोडीत गेला आहे. तुमच्याकडे असेल तर कृपा करून घासूनपुसून लखलखीत करू नका, अक्षरं झिजतात.

पलटणीच्या नावाने बरेच जण फसतात. त्या युद्धात १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा मराठा पलटणी होत्या. १९२२च्या फेररचनेत त्या सगळ्या पाचव्या मराठा रेजिमेंटमध्ये गेल्या आणि आकडे बदलले. घरात कुणी 'काळी पांचवी' म्हणत असेल, तर ती मूळची १०५. पूर्वज महार समाजातले असतील तर १९१७ साली उभी राहिलेली १११ महार पलटणही पाहायला हवी.

मृत्यूचा काळ ठरवायला तलाठी कार्यालयाइतकं उपयोगी ठिकाण नाही. जमीन बायको-मुलांच्या नावावर कधी चढली, तो वारसाचा फेरफार काढा. कुणबी नोंदींमुळे गाव नमुना चौदा, म्हणजे जन्म-मृत्यूंच्या नोंदींचं कोतवाल बुक, आता सगळ्यांना माहीत झालं आहे. शिपाई परदेशात वारला असेल तर त्यात तो सापडेलच असं नाही, पण फेरफारात 'मयत' हा शब्द येतो. घरी श्राद्धाची ठरलेली तिथी असेल तर तीही लिहून ठेवा. मात्र ती मरणाची असेल की पत्र आलं त्या दिवसाची, हे घरातल्या थोरल्या बाईला विचारा. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत बापाचं, आजाचं नाव पडताळता येतं.

एवढं हाताशी घेऊन कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे दोन्ही महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, यादीत शिरा. हा शोध ऑनलाइन आणि फुकट आहे. आडनाव एकाच स्पेलिंगने शोधू नका. पवारांचे 'पोवार' होतात, जाधवांचे 'जाधाव', 'जादव' होतात. आडनाव सोडून नंबर आणि पलटण टाकून बघा. नोंदीत पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो, पण तो त्या काळचा. सिंधुदुर्ग तेव्हा नव्हता, मालवण रत्नागिरीत होतं. रायगड म्हणजे कुलाबा. खेड दोन, एक रत्नागिरीतलं आणि एक पुण्याचं, आजचं राजगुरुनगर. इथे घाई केलीत तर परक्याचा पणजोबा आपल्या घरात येईल.

आता बसऱ्याबद्दल बोलतो, कारण याचा मला मनापासून राग येतो. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत या गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ला तुर्कांपुढे शरणागती झाली आणि कैदी वाळवंटातून हाकले गेले. रास अल-ऐनला रेल्वेच्या कामावर किती तरी हिंदी शिपाई मेले. मेसोपोटेमियात ज्यांची कबर सापडली नाही, अशा ४०,५००हून अधिक जणांसाठी १९२९ साली बसऱ्याला स्मारक झालं. त्यातले बहुतेक हिंदी सैन्यातले होते. ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं दगडात कोरली. आपल्या साध्या शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा! माणूस गेला आणि दगडावर संख्या राहिली. २०२१ साली कमिशनने स्वतःच्या चौकशीनंतर या भेदभावाबद्दल माफी मागितली. ते स्मारकही आता मूळ जागी नाही, १९९७ साली ते बसऱ्यापासून दूर, नासिरियाच्या रस्त्यावर हलवलं गेलं. संगणकावरच्या यादीत मात्र शिपायांची नावं आहेत, म्हणून 'बसरा मेमोरियल' एवढं वाचून थांबू नका, पूर्ण नोंद उतरवून घ्या.

बाकी ठिकाणं थोडक्यात. फ्रान्समध्ये पडलेल्यांची नावं तिथल्या न्यूव्ह-शापेलच्या स्मारकावर. जखमी होऊन इंग्लंडात वारलेल्या हिंदू-शीख शिपायांपैकी ५३ जणांना ब्रायटनजवळ अग्नी दिला, त्यांची नावं २०१०पासून तिथे दगडावर आहेत. दुसऱ्या महायुद्धात इटलीत पडलेले सांग्रो नदीकाठच्या दहनस्मारकावर किंवा कसिनोच्या स्मारकावर मिळतात. माणगाव तालुक्यातले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे यांचं नाव कसिनोलाच आहे. रत्नागिरीकडच्या खलाशांसाठी तर मुंबईतल्या खलाशांच्या वसतिगृहातलं स्मारक बघा, समुद्रात गेलेल्यांची नोंद तिथे आहे. पूर्वज मुसलमान असतील तर मात्र खरी कबर सापडण्याची शक्यता जास्त. मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानही होते.

आणि नाव कुठेच नसेल तर? कमिशनकडे नाव घालण्यासाठी अर्ज करता येतो. पहिल्या युद्धासाठी मृत्यू ३१ ऑगस्ट १९२१पर्यंतचा चालतो, म्हणजे युद्ध थांबल्यावर नोकरीत असताना तापाने गेलेलाही धरला जातो. नुसती घरची आठवण पुरत नाही, त्या काळचा कागद लागतो : पेन्शनचा, पलटणीचा किंवा मृत्यूची तारीख असलेला सरकारी. विधवेचं पेन्शन बुक जपलेलं असेल तर अर्जाला त्याची प्रत जोडा. मूळ प्रत पाठवू नका.