ठाण्याचं नाव लिहून ठेवणारा अल बिरुनी

आपण आत्ता ज्या ठाण्यात बसलोय ना, त्याचं नाव हजारेक वर्षांपूर्वी एका माणसाने अरबीत लिहून ठेवलंय. धारहून दक्षिणेला निघालं की मरहट्ट देश लागतो, तिथून 25 फरसखांवर (फरसख म्हणजे अंतराचं जुनं माप) कोकण आणि त्याची राजधानी समुद्रकाठचं ताना. लिहिणारा अल बिरुनी. तो स्वतः पंजाबच्या पलीकडे आल्याचं दिसत नाही, म्हणजे हे सगळं त्याने लोकांना विचारून विचारून जमवलं.

जन्म 973 चा, ख्वारिज्मचा, आजच्या उझबेकिस्तानातला. 1017 ला गझनीच्या महमूदाने ख्वारिज्म घेतलं आणि बाकीच्या विद्वानांबरोबर यालाही गझनीला नेलं. तेव्हा वय चाळीसच्या पुढे, आणि या वयात हा माणूस संस्कृत शिकायला बसला! आपल्याकडच्या ज्योतिष्यांपुढे आधी शिष्य म्हणून बसायचो असं त्याने स्वतःच लिहिलंय. पोथ्या मिळवायला पैसा आणि कष्ट दोन्ही ओतले, आणि वैतागला कशावर तर नकलाकारांवर, की एकदोनदा नक्कल झाली की पोथी ओळखू येत नाही. पतंजलीचा योगग्रंथ त्याने अरबीत नेला.

महमूद 1030 ला गेला, गझनीत राज्य त्याच्याच घराण्याचं होतं, त्याच सुमारास याने 'किताब अल हिंद' लिहिलं आणि त्यात स्पष्ट म्हटलं की महमूदाच्या हिंदुस्थानावरच्या स्वाऱ्यांनी देशाची भरभराट पार धुळीला मिळवली, लोक धूलिकणांसारखे दाही दिशांना विखुरले. आपल्याकडच्या लोकांच्या तुसडेपणावरही त्याने कडक लिहिलंय, ते वाचताना आजही टोचतं, पण त्यांचं म्हणणं मात्र तो त्यांच्याच ग्रंथांतून उतारे देऊन मांडतो, आणि माझ्या मते त्याचं नाव टिकलं ते यामुळे.

त्याच्याच काळातला वैद्य आणि तत्त्वज्ञ इब्न सिना लॅटिनमध्ये गेला आणि युरोपभर शिकवला गेला. बिरुनीच्या वाट्याला ते आलं नाही. एदुआर्द साखाऊ या जर्मन अभ्यासकाने 1887 ला या पुस्तकाची अरबी प्रत छापली, पाठोपाठ इंग्रजी भाषांतर आलं, तेव्हा कुठे बाहेरचं जग त्याला वाचायला लागलं. आज चंद्रावरच्या एका विवराला त्याचं नाव आहे.

आणि नंदना! पंजाबातला, आता पाकिस्तानात असलेला किल्ला. शेजारच्या डोंगराची उंची त्याने आधी मोजली, मग माथ्यावर चढून क्षितिज डोळ्यांच्या पातळीपेक्षा किती खाली दिसतं ते बघितलं, तर 34 कला, म्हणजे अर्ध्या अंशाच्या थोडं वर. एवढ्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. वाळवंटात मैलोनमैल दोऱ्या ताणत चालायची गरज नाही, एक डोंगर आणि एक माणूस बस झाला.

शेवटच्या आजारपणात एक कायदेपंडित भेटायला आला होता, ही गोष्ट याकूत या नंतरच्या चरित्रकाराने नोंदवलीय. श्वास नीट लागत नव्हता आणि बिरुनी त्याला विचारतोय की आजीच्या वारशाचा तो नियम तुम्ही मागे सांगत होतात तो नक्की काय? पंडित म्हणाला, अहो, अशा अवस्थेत? तर हा म्हणाला, न कळता जाण्यापेक्षा कळून गेलेलं बरं नाही का. मग पंडिताने नियम समजावला, बिरुनीने तो परत म्हणून दाखवला, आणि पंडित रस्त्यावर पोचतो न पोचतो तोच मागे घरातून रडण्याचा आवाज आला.