उंबऱ्याबाहेरचे कपडे

(धुळे. आग्रा रोडलगतची गल्ली, सकाळची वेळ.)

गाडीची जुनी बॅटरी फोडली की आत करड्या, जाळीदार प्लेटा दिसतात. हे शिसं, अंगात गेलं की विष. हातोडीचा घाव बसला की पिठासारखी धूळ उडते आणि शर्टाच्या बाहीवर, नखांत, मिशीत बसते. दुपारी याच हातांनी डबा उघडला जातो.

आपलं आतडं शिशाला फसतं. लोह ज्या वाटेनं रक्तात जातं, त्याच वाटेनं शिसंही शिरतं. अंगात लोह कमी असलं की ही वाट आणखी रुंद होते, म्हणून रक्त कमी असलेल्या लेकराला तेवढीच धूळ जास्त बाधते. शिवाय आत गेलेलं शिसं हिमोग्लोबिन घडू देत नाही. रक्त कमी म्हणून शिसं जास्त, शिसं जास्त म्हणून रक्त आणखी कमी. पुढे ते हाडांत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं तिथे साठून राहतं.

मग व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी हे थांबेल का? व्हिटॅमिन सी, ई आणि बी-1 दिल्यावर शिशानं होणारी हानी कमी झाल्याचं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. माणसांत मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. आमचा भरवसा गोळीपेक्षा ताटावर जास्त आहे. कळण्याची भाकरी, मेथीची भाजी, वर पिळलेलं लिंबू. लिंबातलं सी भाजीतलं लोह अंगी लागू देतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यातलं बरंच वाया जातं. दूध-ताकातलं कॅल्शियम शिशाची वाट अडवतं. आणि पोट रिकामं असलं की शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून न्याहारी केल्याशिवाय कामावर जाऊ नका.

लोहाच्या गोळ्या मात्र मनानं सुरू करू नका. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे; त्यातही रक्त कमी होतं, पण कारण लोहाची कमतरताच असेल असं नाही. आधी रक्त तपासा, डॉक्टरांना विचारा. शिशाचं प्रमाण फार वाढलं असेल तर ते बाहेर काढायची औषधं वेगळी असतात आणि ती दवाखान्यातच, देखरेखीखाली दिली जातात. तिथे लिंबू-आवळ्यावर विसंबून दिवस काढणं जिवावर बेतू शकतं.

(संध्याकाळ. अंगण, दोरीवर टॉवेल.)

जागतिक आरोग्य संघटना सांगते, शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नाही. लहान मुलांचं शरीर ते मोठ्यांच्या कितीतरी पट जास्त शोषून घेतं. रांगणारं मूल जमिनीवरचा हात तोंडात घालतं. म्हणून घर कोरडं झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसायचं, कामाचे कपडे वेगळे धुवायचे.

मोटारसायकलचा आवाज आला तशी आई दारात येते. "बापू, कपडा आठेच काढ, घरमा नको."

तो नळाखाली साबणानं कोपरापर्यंत हात घासतो, मग नखं, मग मान. दोन वर्षांची पोर उंबऱ्यावर उभी आहे, दोन्ही हात वर करून. तो अजून तिला उचलत नाही. डोक्यावर आणखी एक तांब्या ओततो.