रजिस्टर वाचतं कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आम्ही पाच जण महिन्यातून एकदा, पहिली पाळी सुटल्यावर, कँटीनमागच्या खोलीत बसायचो. स्टोअर, मेंटेनन्स, डिस्पॅच, क्वालिटी आणि टूलरूमचा मी. एक तास. त्या तासात फक्त एकाची अडचण घ्यायची आणि बाकी चौघांनी त्याला मदत करायची. त्या खोलीत मी जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

एकदा अडचण सांगायला क्वालिटीच्या ताईंचा नंबर होता. त्या म्हणाल्या, "दुसऱ्या पाळीतले तिघं ऑपरेटर तपासणीचं रजिस्टर भरत नाहीत. दहादा सांगून झालं." त्यांचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं, तोच डिस्पॅचवाले म्हणाले, "मेमो द्या ना त्याइले!" मीही तोंड उघडणारच होतो.

चूक होते ती इथेच. आपल्याकडे कोणी अडचण सांगितली की उत्तर देणं हा आपण आपुलकीचा भाग समजतो. बर्डीच्या चौकात पत्ता विचारला तर चार जण चार रस्ते दाखवतात, तसंच हे. पण आपण देतो ते उत्तर आपल्या अनुभवाचं असतं. समोरच्याची अडचण अजून आपल्याला पुरती दिसलेलीही नसते. म्हणून आम्ही ठरवलं होतं की पहिली वीस मिनिटं फक्त प्रश्न विचारायचे. आणि प्रश्न म्हणजे खरा प्रश्न. "मेमो देऊन पाहिला का?" हा प्रश्न नव्हे, तो सल्ला आहे, शेवटी फक्त 'का' जोडलेला.

त्या दिवशी बराच वेळ कोणाला काही सुचेना. मग स्टोअरवाले काका हळूच म्हणाले, "ताई, ते रजिस्टर वाचते कोण?"

ताई थांबल्या. आम्हीही थांबलो. ते रजिस्टर कोणीच वाचत नव्हतं.

या पद्धतीला ॲक्शन लर्निंग म्हणतात. तिचा पाया घातला रेग रेव्हन्स या इंग्रज माणसानं. ते मूळचे केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ. 1928च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये लांब उडी मारलेले खेळाडूही. 1940च्या दशकात ब्रिटनच्या कोळसा उद्योगात प्रशिक्षणाचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा बाहेरून तज्ज्ञ आणून व्याख्यानं देण्यापेक्षा खाणींच्या व्यवस्थापकांनीच एकमेकांच्या अडचणींवर एकत्र बसावं, असा आग्रह त्यांनी धरला. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय असलेल्या आपल्या नागपूरला ही गोष्ट परकी वाटू नये. सावनेरकडच्या खाणीत काम केलेल्या कुणालाही विचारा, जमिनीखाली शेजारच्याचं लक्ष असणं म्हणजे काय असतं ते.

रेव्हन्स कोडं आणि समस्या यांत फरक करत. कोड्याचं उत्तर कुठेतरी ठरलेलं असतं, ते जाणकाराला विचारावं. मशीनचं बेअरिंग का तापतं, यासाठी बैठक नको; मेंटेनन्सला बोलवा. पण माणसं लिहीत का नाहीत, याचं एकच एक उत्तर कोणाकडे तयार नसतं. तिथे पाच डोकी लागतात.

प्रश्न संपले की ताई खुर्ची थोडी मागे घ्यायच्या आणि गप्प बसायच्या. आम्ही चौघं आपसात बोलायचो, जणू ताई त्या खोलीत नाहीतच. हे फार अवघड जातं, सांगणाऱ्याला खुलासा करायची घाई होते. पण बचाव करायचा नसला की माणूस ऐकू लागतो, हे मी स्वतःचा नंबर आला तेव्हा अनुभवलं आहे. शेवटची दहा मिनिटं पुन्हा त्यांची: मी काय करणार, कधीपर्यंत करणार. आम्ही ते लिहून ठेवायचो आणि पुढच्या महिन्यात आधी तेच विचारायचो.

साहेबांना आम्ही बसवत नव्हतो. ते वाईट होते म्हणून नव्हे. ज्याच्या हातात आपली बढती आहे, त्याच्यासमोर "मला जमत नाही" हे वाक्य तोंडून निघत नाही. आणि खोलीतलं बोलणं खोलीतच राहायचं. पगार, बदली असले विषय आम्ही घेतच नसू. त्यातलं आमच्या हातात काही नव्हतं.

पुढच्या महिन्यात ताई आल्या. त्यांनी पाळी बदलताना रोज पाच मिनिटं उभं राहून रजिस्टर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली होती. दोघं नीट लिहू लागले. तिसरा लिहीत नव्हता. यावेळी ताईंनी त्याला रागावण्याआधी शेजारी बसून विचारलं. रकान्यांची नावं इंग्रजीत होती, आणि त्याला वाचता येत होती फक्त हिंदी.

ताईंनी त्याच रात्री रकान्यांवर हातानं हिंदी नावं लिहिली. हे सांगून झालं, तसे डिस्पॅचवाले, ज्यांनी मेमो द्यायला सांगितलं होतं ते, खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "आज माहं ऐका. पण सांगू नका काही, आधी विचारा."

नमस्कार.