पापवा आणि पावसातली ट्रॉफी

नमस्कार मंडळी. आज गोल्फवर बोलायचंय, पण स्टेशन बदलू नका, कारण आजचा आपला गोल्फर कॅडी होता, म्हणजे साहेबाची जड बॅग खांद्यावर टाकून मागेमागे चालणारा पोरगा. गाव डर्बन, दक्षिण आफ्रिका. नाव पापवा सीगोलम. खरं नाव सेवसंकर, म्हणजे आपला शिवशंकरच, इंग्रजी स्पेलिंगमधून फिरून आलेला. 1860 पासून उसाच्या मळ्यांसाठी आपल्याकडून माणसं डर्बन ज्या नाताळ नावाच्या भागात आहे तिथे नेली, गिरमिटिया म्हणतो ना आपण, त्या वस्तीतला हा. शाळा नाही, लिहिता-वाचता येत नाही, झाडाची फांदी तासून केलेल्या स्टिकने खेळायला शिकला.

आता एक करा. घरातली लांब दांडीची छत्री घ्या आणि बॅट धरतो तशी धरा. उजवखोरा असाल तर डावा हात वर, उजवा खाली, बरोबर? आता हात उलटे करा, उजवा वर, डावा खाली, आणि मारून बघा. अवघडल्यासारखं होतं ना? पापवा आयुष्यभर असाच खेळला. डावा हात खाली, लक्षात ठेवा, डावा खाली. पुढे त्या पकडीला त्याच्याच नावाने ओळखायला लागले. मला विचाराल तर आपल्या कोचिंग क्लासवाल्यांनी हे ऐकायला पाहिजे, आठ वर्षांच्या पोराची बॅट धरायची पद्धत पहिल्या दिवशी मोडून काढतात, अरे बॉल कुठे जातोय ते तर बघा आधी!

तर ग्रॅहॅम वुल्फ नावाचा एक गोरा उद्योजक, ऑइल ऑफ ओले ही क्रीम शोधणारा, आपल्या आयाबहिणींना माहीत असेल, त्याने पापवाचा खेळ पाहिला आणि 1959 साली स्वतःच्या छोट्या विमानातून त्याला युरोपात नेलं. त्याच वर्षी पापवा डच ओपन जिंकला. 1960 ला परत जिंकला. 1964 ला परत. तीन वेळा मंडळी, तीन वेळा.

पण मला सांगायचंय ते 1963 चं, हा किस्सा मी किती जणांना सांगितलाय, तरी सांगताना अजून घशात काहीतरी अडकतं. नाताळ ओपन, डर्बन कंट्री क्लब. वर्णभेदाचा काळ, गोऱ्यांच्या स्पर्धेत उतरायलाच खास परवानगी लागायची, ती कशीबशी मिळाली. पण मैदानावर खेळायची मिळाली, क्लबहाउसात पाय ठेवायची नाही. म्हणजे समोर शंभरेक गोरे खेळाडू, राउंड संपला की ते आत जाऊन बसणार, आणि हा कपडे बदलणार गाडीत, डबा खाणार गाडीत, आणि दुसऱ्या दिवशी परत त्यांच्याच बरोबर खेळायला उभा राहणार. असा खेळून तो जिंकला. ज्या शहरात बॅगा वाहिल्या त्याच शहरात जिंकला.

आणि बक्षीस द्यायची वेळ आली तेव्हा पाऊस सुरू. आपल्याकडे पाऊस आला की दारात उभ्या परक्या माणसाला सुद्धा आपण आत या म्हणतो, पहिलं टॉवेल देतो, मग नाव विचारतो. तिथे बाकीचे आत कोरडे, आणि ज्याने स्पर्धा जिंकली तो बाहेर. ट्रॉफी त्याला बाहेर पावसात दिली. चॅम्पियन बाहेर पावसात, मंडळी. तो फोटो जगभर छापून आला, आणि दक्षिण आफ्रिकेशी खेळायचं कशाला असं विचारणाऱ्यांच्या हातात एक पुरावा आला.

जाता जाता, आपल्याकडे दिल्लीचा अली शेर कॅडीच होता, 1991 साली इंडियन ओपन जिंकला. किती घरात त्याचं नाव माहितीय? क्रिकेटमधल्या बाराव्या खेळाडूची जन्मतारीख पाठ असते आपल्याला.

असो. 1965 ला पापवा नाताळ ओपन पुन्हा जिंकला, आणि यावेळी मागे टाकला तो गॅरी प्लेअरला, जो त्याच वर्षी यूएस ओपन जिंकला, जगातल्या पहिल्या दोन-तीनांतला माणूस! यानंतर सरकारने दारंच बंद केली, स्पर्धांना परवानगी नाही, परदेशी जायला पासपोर्ट नाही. ऐन उमेदीत घरी बसवला. 1978 साली गेला, गरिबीतच.

डर्बनमध्ये आज एका गोल्फ कोर्सला त्याचं नाव आहे, पापवा सीगोलम गोल्फ कोर्स. आणि हातातली ती छत्री अजून ठेवली नसेल तर एकदा परत धरून बघा. डावा खाली.