मागे उभा राहून खेळ वाचणारा माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

मिरजेतील एका शाळेत मी बरीच वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले. पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला की मुले फुटबॉल मागत. गडी वाटताना कोण कुठे खेळणार असे विचारले की जवळजवळ सगळे "पुढे" म्हणत, आणि जो उंच, थोडा अवघडलेला, चेंडू पायाशी खेळवण्यात कच्चा असेल, त्याला बाकीची मुले आपसूकच मागे, गोलच्या पुढ्यात, उभे करत. असे मागे उभे केलेले मूल पाहिले की मला नेहमी जॅक चार्लटन या इंग्रज खेळाडूची आठवण होते. आज आपल्यापुढे त्यांच्याविषयीच बोलायचे आहे. फुटबॉलच्या इतिहासात त्यांच्यापेक्षा देखणे बचावपटू पुष्कळ झाले. परंतु बचावपटू म्हणून मैदानाच्या मागच्या बाजूने जे दिसते, त्याच्या आधारे एका लहान देशाचा संघ उभा करणारा त्यांच्यासारखा प्रशिक्षक मला दुसरा माहीत नाही.

इंग्लंडच्या ईशान्य टोकाला नॉर्थंबरलँड परगण्यात अ‍ॅशिंग्टन नावाचे कोळशाच्या खाणींचे गाव आहे. ८ मे १९३५ रोजी जॅकचा जन्म तेथे झाला. वडील खाणकामगार होते. आईचे माहेर मिलबर्न घराण्यातले, आणि त्या घरात फुटबॉल पिढीजात होता. तिचे भाऊ व्यावसायिक खेळाडू होते, आणि न्यूकॅसलचा प्रसिद्ध आघाडीपटू जॅकी मिलबर्न हा तिचा चुलतभाऊ. धाकटा भाऊ बॉबी हा लहानपणापासूनच असामान्य. मोठ्या क्लबांची माणसे घरी येत ती त्याच्यासाठी. कुस्तीच्या किंवा कबड्डीच्या घरात वाढलेल्या आपल्याकडच्या श्रोत्यांना ही परिस्थिती समजावून सांगावी लागणार नाही. धाकट्याचे नाव होत असताना थोरल्याने घरात काय मनाने वावरावे, हा प्रश्न आपल्याही गावांत अनेकांनी सोसलेला आहे. जॅकने खाणीत उतरून पाहिले आणि ते आयुष्य नको असे ठरवले. पोलिसात भरती व्हावे असाही विचार होता. पण मुलाखत आणि लीड्स युनायटेड क्लबची निवड चाचणी एकाच दिवशी आली, तेव्हा त्याने लीड्सची वाट धरली.

लीड्समध्ये ते १९५३ साली पहिला सामना खेळले आणि १९७३ साली निवृत्त झाले. एवढ्या काळात त्यांनी दुसऱ्या कोणत्याही क्लबसाठी खेळ केला नाही. त्यांचे ७७३ सामने हा लीड्सचा विक्रम आहे. मात्र ही वीस वर्षे सरळ रेषेत गेली असे कोणी समजू नये. पहिली सात-आठ वर्षे हा माणूस हट्टी, भांडखोर आणि थोडा बेफिकीर म्हणूनच ओळखला जाई. १९६१ मध्ये डॉन रेव्ही व्यवस्थापक झाले, त्यांचे आणि चार्लटन यांचे सुरुवातीला अजिबात जमले नाही, आणि पंचविशी उलटून गेल्यावर चार्लटन यांनी आपला खेळ शिस्तीत आणला. त्याच काळात ते लिलेशॉल येथील प्रशिक्षकांच्या वर्गांना जाऊ लागले होते. खेळत असतानाच शिकवण्याचे शास्त्र शिकण्याची ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण पुढे जे घडले त्याचे बी तेथे पडले.

इंग्लंडच्या संघात त्यांची निवड झाली ती एप्रिल १९६५ मध्ये, तिसावा वाढदिवस एका महिन्यावर आला असताना. एवढ्या उशिरा आपल्याला का घेतले असे त्यांनी पुढे प्रशिक्षक आल्फ रॅम्झी यांना विचारले. आपण सर्वोत्तम अकरा खेळाडू गोळा करत नसून संघ जुळवत आहोत, अशा आशयाचे उत्तर मिळाल्याचे चार्लटन स्वतः सांगत. शेजारी खेळणारा बॉबी मूर हा चेंडू घेऊन पुढे जाणारा, शांत आणि सफाईदार. त्याच्या मागची मोकळी जागा राखणारा कोणी तरी हवा होता. पुढच्याच वर्षी, ३० जुलै १९६६ रोजी, वेम्बलीच्या मैदानावर इंग्लंडने पश्चिम जर्मनीला जादा वेळेत ४-२ असे हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघात जॅक आणि बॉबी हे दोघे भाऊ होते. उपांत्य सामन्यात चेंडू हाताने अडवून पोर्तुगालला पेनल्टी दिली ती जॅकनी. अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी जर्मनीने बरोबरी साधली ती ज्या फ्रीकिकवरून, तीही त्यांच्याच विरुद्ध दिलेली. आघाडीपटूने दहा संधी घालवून एक गोल केला तरी तो नायक ठरतो. बचावपटूची चूक मात्र फलकावर उमटते. शेवटची शिट्टी झाल्यावर चार्लटन मैदानावर गुडघे टेकून, चेहरा हातांत लपवून बसले होते. आनंदाच्या क्षणी पाय असे गळून जाणे म्हणजे काय, हे सामनाभर मागे उभे राहिलेल्यालाच कळेल.

त्यांच्या खेळातील एक युक्ती मी मुलांना आवर्जून सांगत असे. आपल्या संघाला कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून चेंडू मारण्याची संधी, मिळाला की हा उंच बचावपटू सरळ पुढे जाऊन प्रतिस्पर्धी गोलरक्षकाच्या अगदी समोर, गोलरेषेपाशी, उभा राही. गोलरक्षकाला चेंडू दिसेना, पुढे येता येईना, आणि नियमाचा भंग तर काहीच नाही. आज ही गोष्ट सर्रास दिसते. त्या काळी तिच्यावर पुष्कळ टीका झाली. ही युक्ती सुचली ती गोलरक्षकाच्या शेजारी हजारो वेळा उभे राहिलेल्या माणसाला, कारण गोलरक्षकाला काय नकोसे होते हे त्याने जवळून पाहिले होते.

आता व्यवस्थापक चार्लटन यांच्याकडे वळू. १९७३ मध्ये ते मिडल्सब्रो क्लबमध्ये गेले आणि पहिल्याच हंगामात तो संघ दुसऱ्या श्रेणीत पंधरा गुणांच्या आघाडीने पहिला आला. विजयाला दोनच गुण मिळत, त्या काळातली ही आघाडी आहे. तेथे त्यांनी अ‍ॅलन फॉगन या वेगवान खेळाडूला मधल्या फळीत मागे ठेवले. ऑफसाइडचा सापळा लावण्यासाठी, म्हणजे आघाडीपटूला आपल्या ओळीमागे नियमबाह्य जागी पकडण्यासाठी, प्रतिस्पर्धी बचावपटू एका ओळीत पुढे सरकू लागले की नेमक्या त्याच क्षणी फॉगन मागून धावत सुटे, आणि चेंडू त्या ओळीच्या पलीकडे टाकला जाई. पुढे सरकणाऱ्या बचावपटूला वळून मागे धावावे लागते, तेव्हा त्याची पाठ स्वतःच्या गोलकडे असते आणि तोल गेलेला असतो. आयुष्यभर चार्लटन यांना ज्या चेंडूची भीती वाटली, तोच चेंडू त्यांनी इतरांसाठी हत्यार म्हणून वापरला. कबड्डीत कोपरा सांभाळणाऱ्या गड्याला चढाईपटूचा कोणता पाय फसवा आहे हे जसे कळते, तसेच हे ज्ञान आहे.

शेफील्ड वेन्सडेला त्यांनी तिसऱ्या श्रेणीतून वर आणले, न्यूकॅसलमध्ये एकच हंगाम काढला. मधल्या काळात, १९७७ साली, त्यांनी इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाच्या व्यवस्थापकपदासाठी अर्ज केला होता. त्या अर्जाला उत्तरसुद्धा आले नाही, आणि ती सल त्यांच्या मनात कायम राहिली. विश्वचषक जिंकून दिलेल्या खेळाडूच्या पत्राची पोचही देऊ नये, याचे मला आजही वाईट वाटते.

१९८६ मध्ये आयर्लंड प्रजासत्ताकाने त्यांना बोलावले. आयर्लंडने तोपर्यंत एकाही मोठ्या स्पर्धेची पात्रता मिळवली नव्हती, आणि इंग्रजांचे राज्य सोसलेल्या त्या देशात राष्ट्रीय संघावर एक इंग्रज नेमला जाणे अनेकांना रुचले नाही. पहिली अडचण खेळाडूंची होती. लोकसंख्या थोडी, त्यात गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे देशी खेळ अधिक लोकप्रिय. चार्लटन यांनी नियमांत बसणारा मार्ग धरला. आई, वडील, आजोबा किंवा आजी आयरिश असेल तर त्या देशाकडून खेळता येते. पोटासाठी देश सोडून इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये गेलेल्या आयरिश कुटुंबांची मुले इंग्लंडच्या मैदानांवर खेळत होती. रे हाउटन ग्लासगोत जन्मलेला, जॉन अल्ड्रिज लिव्हरपूलचा, संघनायक मिक मॅकार्थी बार्न्सलीचा. यांना आयरिश म्हणावे का, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. सातारा, वाई, पाटण, खटाव या भागांतील श्रोत्यांनी त्याचे उत्तर स्वतःच्या घरात शोधावे. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेलेल्यांची मुले परळ-लालबागला जन्मली, बोलणे बदलले, तरी यात्रेला पालखीखाली खांदा द्यायला ती गावी येतातच, आणि गाव त्यांना पाहुणे समजत नाही.

दुसरी अडचण खेळाच्या पद्धतीची. १९८६ चा मेक्सिकोतील विश्वचषक पाहून चार्लटन यांनी असा निष्कर्ष काढला की जवळजवळ सगळेच देश मधल्या फळीतील एका कल्पक खेळाडूमार्फत संथपणे चाल रचतात. त्यांच्याच पद्धतीने खेळून आपण जिंकणार नाही. म्हणून त्यांनी मधली फळी ओलांडून चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या कडेच्या बचावपटूंच्या मागे, कोपऱ्याकडे टाकायला लावला, आणि चेंडू तेथे पोहोचताच चार-पाच जणांनी धावून जाऊन त्या बचावपटूला घेरायचे, असा कडक नियम केला. चेंडू आपल्याकडे नसला तरी खेळ मात्र त्यांच्या गोलजवळच चालू राहतो. टीकाकारांनी या खेळाला ओबडधोबड म्हटले. लियाम ब्रेडीसारख्या नजाकतीच्या खेळाडूवर अन्याय झाला, असे म्हणणाऱ्यांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. ब्रेडीला १९८९ मध्ये मायदेशातील मित्रत्वाच्या सामन्यात मध्यंतराच्याही आधी बाहेर काढण्यात आले, हे पाहणे त्याच्या चाहत्यांना जड गेले असणार. परंतु हाती असलेल्या माणसांचा अंदाज चार्लटन यांना चुकला नव्हता.

१९८८ च्या युरोपीय स्पर्धेसाठी पात्र ठरण्यात नशिबाचा हात होता, हे मान्य करू. नोव्हेंबर १९८७ मध्ये सोफियात स्कॉटलंडच्या गॅरी मॅके याने अखेरच्या मिनिटांत गोल केला, बल्गेरिया हरला आणि आयर्लंड पात्र ठरले. मात्र १२ जून १९८८ रोजी श्टुटगार्टमध्ये जे झाले ते नशिबाने नव्हे. पहिल्याच सामन्यात, सहाव्या मिनिटाला, ग्लासगोच्या रे हाउटनने डोक्याने चेंडू गोलमध्ये धाडला, आणि उरलेला सगळा वेळ बचाव करून आयर्लंडने इंग्लंडला १-० असे हरवले.

दोन वर्षांनी इटलीतील विश्वचषक. आयर्लंडचा हा पहिलाच विश्वचषक होता. इंग्लंडशी १-१, इजिप्तशी ०-०, नेदरलँड्सशी १-१. गुण आणि गोल नेदरलँड्सच्या बरोबरीचे झाले, म्हणून दुसरे स्थान चिठ्ठ्या टाकून ठरले आणि चिठ्ठी आयर्लंडच्या बाजूने पडली. इजिप्तविरुद्धचा सामना अत्यंत कंटाळवाणा होता, आणि १९९२ मध्ये सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेऊ नये असा नियम आला, त्याच्यामागे अशाच सामन्यांचा अनुभव होता. २५ जून १९९० रोजी जेनोआत रुमानियाशी बाद फेरीचा सामना पुन्हा ०-० आणि मग पेनल्टी. डोनेगलचा गोलरक्षक पॅकी बॉनर याने रुमानियाची, टिमॉफ्ते याने मारलेली, पाचवी पेनल्टी अडवली. आता आयर्लंडची पाचवी पेनल्टी घ्यायला पुढे आला तो डेव्हिड ओलिअरी. १९८६ मध्ये आइसलँडच्या दौऱ्यासाठी आयत्या वेळी बोलावणे आले, तेव्हा कुटुंबाबरोबर ठरलेली सहल मोडायला त्याने नकार दिला होता, आणि त्यामुळे चार्लटन यांनी दोन वर्षांहून अधिक काळ त्याला संघाबाहेर ठेवले होते. तोही मधला बचावपटूच. त्याने शांतपणे चेंडू जाळ्यात पोहोचवला. या प्रसंगाविषयी बोलताना अनेक जण चार्लटन यांच्या भाग्याचे कौतुक करतात. माझे मन ओलिअरीकडे जाते. इतके दिवस बाहेर बसवलेला माणूस ती पाचवी पेनल्टी घ्यायला तयार झाला, हा त्याचा मोठेपणा.

उपांत्यपूर्व सामन्यात रोममध्ये यजमान इटलीच्या स्किलाचीने गोल केला आणि आयर्लंड हरले. पाच सामन्यांत अवघे दोन गोल, निर्धारित खेळात एकही विजय नाही, तरी डब्लिनच्या रस्त्यांवर लाखो लोक स्वागताला उभे राहिले. १९९४ मध्ये अमेरिकेतील विश्वचषकात याच संघाने इटलीला १-० असे हरवले. गोल पुन्हा हाउटनचा होता. त्या दिवशी इटलीच्या आघाडीला थोपवणारा पॉल मॅग्रा हा गुडघे कामातून गेलेला आणि दारूच्या व्यसनाशी झगडणारा खेळाडू होता. चार्लटन यांनी त्याला कित्येकदा वडिलांच्या मायेने सावरले होते. कडक माणसाची ही बाजू फारशी सांगितली जात नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

१३ डिसेंबर १९९५ रोजी लिव्हरपूलमध्ये नेदरलँड्सने आयर्लंडला २-० असे हरवले, पुढच्या युरोपीय स्पर्धेची वाट बंद झाली आणि जवळजवळ दहा वर्षांनी चार्लटन यांनी पद सोडले. पुढच्या वर्षी आयर्लंडने त्यांना मानद नागरिकत्व दिले. १० जुलै २०२० रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अखेरच्या काळात स्मृतिभ्रंशाने त्यांच्या बहुतेक आठवणी पुसल्या होत्या. बॉबींनाही पुढे तोच आजार झाला. आयुष्यभर डोक्याने चेंडू मारणाऱ्या खेळाडूंत हा आजार अधिक आढळतो असे दिसून आल्यावर, इंग्लंडमध्ये २०२० पासून लहान मुलांच्या सरावातून हेडिंग वगळण्यात आले. आपल्याकडे सांगली-मिरजेत आणि कोल्हापुरात लहान मुलांना शिकवणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे, की त्यांनीही हा सराव बंद ठेवावा.

चार्लटन यांना मासेमारीचा मोठा छंद होता, आणि त्यासाठी ते आयर्लंडच्या पश्चिमेकडील नद्यांवर पुन्हा पुन्हा जात. कॉर्कच्या विमानतळावर त्यांचा एक पुतळा आहे. विश्वचषक विजेत्या या खेळाडूचा हा पुतळा फुटबॉलच्या पोशाखात नाही. गळ टाकायच्या पोशाखात ते बसले आहेत आणि हातात पकडलेला सामन मासा आहे. परदेशी कामाला निघालेली आणि सुट्टीला घरी परतणारी आयरिश माणसे त्यांच्यासमोरून ये-जा करत असतात.